दत्ताकाकांचं जपानी

“साहेबांना जपानी येत होतं, ठाऊक हाय का तुम्हाला?”

“काय सांगता.”

“मग. वाचायचे ना. आख्खी गोष्ट सांगितली त्यांनी आम्हाला त्यातली. दहा-बारा वर्षं पुरली.”

हे बोलणं दाराच्या त्या बाजूला चाललं होतं आणि मी या बाजूला पाण्याचा जग घेऊन उभी होते. दत्ताकाकांच्या गंधमुक्तीचा, म्हणजे तेराव्याचा दिवस. जेवणं आटोपली होती आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली त्यांची जुनी माणसं पुढच्या खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. सांगणारे निकमभाऊ होते; त्यांची बहुतेक नोकरी काकांच्या हाताखाली कंट्रोल रूममध्ये गेली. ऐकणारे कुणी लांबचे पाहुणे असावेत, कारण त्यांचा विश्वास बसत नव्हता. मला मात्र हसू आवरेना. जग खाली ठेवला आणि ओढणी तोंडावर दाबून धरली... अशा दिवशी हसताना कुणी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं. दत्ताकाकांना जपानीतला ज येत नव्हता. हे खात्रीनं सांगू शकतील अशी त्या घरात दोनच माणसं होती आणि त्यातलं एक दाराआड उभं होतं. ते माणूस लहानपणापासून दाराआडच उभं राहत आलेलं आहे.

दत्ताकाका म्हणजे माझ्या शैलाआत्याचे यजमान. मूळचे नामपूरचे. एरवी सावकाश, नीट, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. पण खूश झाले की बोलण्यात अहिराणी उतरायची आणि ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं. त्यावरून त्यांचा मूड कळायचा. कंट्रोल रूममध्ये भिंतभर काटे आणि दिवे असायचे, त्यांच्याकडे बघत बसणं ही त्यांची नोकरी. “आमचं काम म्हणजे काही घडू न देणं,” असं ते सांगायचे. पुढे नाशिकमध्ये भारनियमन सुरू झालं तेव्हा नातेवाईक त्यांना छळायचे, की काय दत्ताभाऊ, वीज तुम्ही करता आणि मेणबत्त्या आम्ही लावतो. काका शांतपणे म्हणायचे, मेणबत्ती आणायला मला सांगत चला, कॉलनीच्या दुकानात चांगली मिळते. 

त्यांचं क्वार्टर वीजकेंद्राच्या कॉलनीत होतं. आम्ही नाशिकरोडला. बाबांची स्कूटर रविवारी सकाळी तिकडे निघायची आणि मी पुढे उभी राहून वीजकेंद्राच्या उंच चिमण्या कुठल्या वळणावर दिसायला लागतात ते बघायचे. आत्या वाळत घातलेले कपडे आत आणताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची, कारण राख. तिच्या घरातली माणसंसुद्धा घरात शिरताना आपोआप खांदे झटकायची. मीही झटकायला लागले आणि शाळेत मुली हसल्या.

शाळा इंग्रजी माध्यमाची. बाबांनी हट्टानं घातलेली. शाळेत इंग्रजी बोलायची भीती वाटायची आणि घरी मराठी बोलताना ऐन वेळी शब्द सापडायचा नाही. म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायचे. मान हलवून बरंच काही भागतं हे मला फार लवकर कळलं होतं. नातेवाईक बाबांना टोमणे मारायचे, की अहो, पोरीला दोन भाषा शिकवायला निघालात आणि तिची आहे तीही गेली. बाबा हसण्यावारी न्यायचे. पण ते हसणं परतताना स्कूटरवर नसायचं, हे मला मागे बसूनही कळायचं, पुढे उभं राहूनही कळायचं.

मी तिसरीत असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याकडे आमरसाचं जेवण होतं. पंधरा-वीस माणसं होती. शेजाऱ्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्यानं येताना परदेशातून एक हातात धरायचा व्हिडिओ गेम आणला होता. राखाडी रंगाचा, विटेसारखा जड, मागे चार पेन्सिल सेल लागायचे आणि पुढे आगपेटीहून थोडा मोठा हिरवट पडदा. तो वाटेतच बंद पडला, म्हणून शेजाऱ्यांनी काकांना देऊन टाकला. काका रेडिओ, घड्याळं, मिक्सर असं सगळं उघडून बसायचे. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, आतली कॅसेट काढून फुंकर मारली आणि परत बसवली, आणि तो सुरू झाला. माझा आतेभाऊ आणि कॉलनीतली मुलं तुटून पडली, आणि पाच मिनिटांत बाजूला झाली. “यात फायटिंगच नाय,” एक जण म्हणाला. “नुसतं चालायचं आन वाचायचं.” एक ठेंगणा टोपीवाला माणूस गावातून चालत होता. कुणाजवळ जाऊन बटण दाबलं की खाली चौकट उघडून अक्षरं यायची. काकांनी चष्मा कपाळावर नेला, गेम नाकाशी धरला आणि म्हणाले, “हाई काय शे?”

ते खुशीत होते, एवढं त्यावरून कळलं.

तेव्हा खाटेवर बसलेले बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रेवाला द्या की. ती वाचेल. इंग्लिश मीडियमला आहे.”

गेम हातोहात माझ्यापर्यंत आला. मी पडद्याकडे पाहिलं. ती अक्षरं इंग्रजी नव्हती. ती कुठलीच नव्हती. काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात, त्यातल्या काहींना बाक यावा, तशी दिसत होती. कुणी वाटीत चमचाही वाजवत नव्हतं. ‘हे इंग्लिश नाही’ एवढे तीन शब्द बोलायचे होते... पण आठ वर्षांच्या मुलीला ते सुचले नाहीत. मला फक्त दिसत होतं की बाबा पुढे झुकून बसलेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसणं अजून आलेलं नाही. पडद्यावर टोपीवाला पाण्याच्या काठाशी उभा होता.

“हा म्हणतोय,” मी म्हणाले, “ब्रिज पडलाय. आणि बोट पण नाही.”

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. सगळे खाली बघून परत आमरस खायला लागले. काका तेवढे माझ्याकडेच बघत होते. चष्मा परत नाकावर आला होता.

“मंग?” ते म्हणाले.

पुढचे तीन-चार रविवार मी त्या घरात घाबरतच शिरले. वाटायचं, आज कुणी सांगेल. पण काका गॅलरीत खुर्ची टाकून तयार असायचे. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे उन्हाच्या तिरपेला बसावं लागायचं आणि ऊन सरकलं की खुर्च्या सरकवाव्या लागायच्या. बटणं ते दाबायचे. चौकट उघडली की गेम माझ्याकडे यायचा, मी ‘वाचायचे’, आणि गेम परत त्यांच्याकडे जायचा. म्हातारीसारखी दिसणारी एक बाई प्रत्येक गावात भेटायची. तिला मी मीठ मागायला लावलं, कारण त्या दिवशी आत्याच्या आमटीत मीठ कमी होतं. टोपीवाला आपली हरवलेली बोट शोधत गावोगाव फिरतोय, असं मी एकदा सांगून बसले आणि मग ते निभावून न्यावं लागलं.

काका हे सगळं लिहून ठेवायचे. शिफ्ट संपताना पुढच्या माणसासाठी नोंद करायची ही त्यांची तीस वर्षांची सवय, ती गॅलरीतही सुटली नाही. एका जुन्या लांबट वहीत, वेळ घालून, टपोऱ्या अक्षरात. ‘१०.२० : पूल पडलेला. नावाडी काठावर. ११.०५ : वृद्ध स्त्री भेटली. मीठ मागते (रेवा यांच्या सांगण्यानुसार). ११.४० : सेल बदलले.’ ‘रेवा यांच्या’ हे वाचून मी लाजले होते. त्या वहीत एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा दिसली. मी टोपीवाल्याला ‘बोटवाला’ म्हणायचे, वहीत ‘नावाडी’ असायचं. मी म्हणायचे, ‘तो पाण्याच्या साइड-साइडनं गेला,’ वहीत असायचं, ‘काठाकाठानं गेला’. मी ‘ते गोल-गोल पाणी’ म्हटलं, त्यांनी ‘भोवरा’ लिहिलं. एकदाही त्यांनी मला थांबवून सांगितलं नाही की अगं, याला असं म्हणतात. पुढच्या रविवारी मागची नोंद मी मोठ्यानं वाचायची, असा त्यांचा नियम होता, आणि वाचता वाचता ते शब्द माझे होऊन जायचे. आज हे लिहिताना ज्या मराठीत लिहिते आहे, ती बरीचशी त्या वहीतून आलेली आहे.

त्या पडद्यावर फक्त दोन-तीन खुणा इंग्रजी होत्या. कोपऱ्यात HP, खाली MP, आणि Lv. त्या काकांनी स्वतः वाचल्या, आणि त्या बाबतीत माझं काही ऐकलं नाही. खेळात एचपी म्हणजे माणसाचा उरलेला जीव; त्यांच्या कामात एचपी म्हणजे हाय प्रेशर, बॉयलरची वाफ. त्यामुळे नावाड्याला घोरपड चावली आणि आकडा खाली आला की काका खुर्चीत ताठ व्हायचे. “प्रेशर पडतंय. युनिट ट्रिप होईल.” मग ते नावाड्याला धावत नेऊन धर्मशाळेत झोपवायचे आणि आकडा भरला की पाठ टेकून म्हणायचे, वाफ धरली. एमपीनं त्यांना फार त्रास दिला. वीजकेंद्रात एचपी असतं, आयपी असतं, एलपी असतं, म्हणजे वरचं, मधलं आणि खालचं प्रेशर. एमपी कुठून आलं? शेवटी त्यांनी छापण्यातली चूक म्हणून ते सोडून दिलं. पण खरी गंमत Lvची झाली. काकांच्या लेखी लेव्हल म्हणजे बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी. ती कमी झाली तरी धोका, जास्त झाली तरी धोका, मध्ये ठेवायची. एवढ्यासाठी तर सरकार पगार देतं. आणि इथे प्रत्येक मारामारीनंतर लेव्हल एकानं वर. काका हवालदिल. म्हणून त्यांनी मारामारी टाळायला सुरुवात केली. कुणी समोर आलं की आमचा नावाडी पळत सुटायचा. दोन महिने आम्ही लेव्हल नऊवर ‘नॉर्मल’ ठेवली होती आणि एका गुहेच्या तोंडाशी दर रविवारी मार खाऊन परत येत होतो. एका रविवारी आत्या गहू निवडत बसली होती, ती वैतागून म्हणाली, “अहो, त्याला जरा वाढू द्या ना. पोरगं मोठं होतं तेव्हा लेव्हल वाढतेच.” काकांनी विचार केला. वहीत लिहिलं : ‘सौ. यांच्या सूचनेवरून लेव्हल सोडली.’ पुढच्याच आठवड्यात गुहा पार झाली.

आत्या तशी या प्रकरणाच्या विरोधात होती, पण तिचं गहू निवडणं, पापड वाळवणं, लसूण सोलणं हळूहळू सगळं गॅलरीत आलं. एकदा म्हणाली, तुमचा नावाडी तीन रविवार उपाशी आहे, त्याला काही खाऊ घालणार आहात की नाही. मी लगेच पुढच्या चौकटीत त्याला भाकरी आणि ठेचा वाढायला लावला. काकांनी भुवया वर केल्या. “त्या देशात ठेचा?” मी मान हलवली. “बरं,” म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

मी सातवीत होते तेव्हाची खंडेनवमी. वीजकेंद्रात त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. कानात कापूस घालून आम्ही काकांच्या मागून हिंडत होतो. आत्या आणि आई हळदीकुंकवाच्या ताटाशी थांबल्या, काका मला एका मोठ्या पंपाशी घेऊन गेले. पंपाला झेंडूची माळ होती. माळेच्या खाली पितळी पाटी, आणि पाटीवर... त्या सांडलेल्या काड्या. तीच अक्षरं; पंप जपानहून आलेला होता. त्याखाली कुणीतरी लाल रंगानं हातानं लिहिलं होतं : ‘झाकण उघडण्यापूर्वी झडप बंद करा.’

काका या पाटीसमोरून रोज जात होते. मी जन्मायच्या आधीपासून जात होते. म्हणजे आखाजीच्या त्या दुपारी, चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा... मी मान खाली घातली आणि सुटी मागायला उभ्या असलेल्या माणसासारखी हात बांधून उभी राहिले. काकांनी माळ सरळ केली. माझ्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, कारण तिथे हळू बोलून उपयोगच नव्हता, “इथे काय लिहिलंय ते मला माहीत शे. गेममध्ये काय लिहिलंय ते तुला माहीत. आपापलं काम आपण नीट करायचं.”

एवढंच. परत तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. बदललं ते इतकंच, की त्या दिवसानंतर चौकट उघडली की ‘काय लिहिलंय?’ असं ते विचारत नसत. ‘आज काय वाचायचं?’ असं विचारत.

आणि मग मी सुटलेच. आधीच्या चार वर्षांत मी पकडली जाऊ नये म्हणून गोष्ट सांगत होते. आता मजा म्हणून सांगायला लागले. मीठ मागणारी म्हातारी खरं तर नदीचा हिशेब ठेवणारी निघाली. धर्मशाळेचा मालक झोपेत भविष्य सांगायचा आणि जागा झाला की सगळं नाकारायचा. आठवडाभर शाळेच्या बाकावर बसून मी रविवारची तयारी करायचे. काका ती गोष्ट सोमवारपासून कंट्रोल रूममध्ये चहाच्या वेळी हप्त्यानं सांगायचे, आणि तिथून मागण्या यायला लागल्या. निकमभाऊंचं म्हणणं होतं की नावाड्याला सोबत पाहिजे, एकटा माणूस किती फिरणार. पुढे खरंच गेममध्ये एक काठीवाली मुलगी त्याच्यामागून चालायला लागली, तेव्हा कंट्रोल रूममध्ये पेढे वाटले गेले. काकांनी तिथे कधी सांगितलं नव्हतं की वाचणारं कोण आहे. मी घातलेली अट होती ती. माझं नाव सांगायचं नाही. लोक काय म्हणतील, हे मला तेव्हा फार वाटायचं, अजूनही वाटतं.

दहावीच्या सुटीत एका सकाळी गेम सुरू केला तर नावाडी पुन्हा पहिल्या गावात, पडलेल्या पुलापाशी उभा. कॅसेटच्या आत एक बारीकसा सेल असतो, तो संपला होता. सगळी वाटचाल पुसली गेली होती. माझे डोळे भरून आले. काका एखाद्या जुन्या कामगाराच्या खांद्यावर ठेवावा तसा गेमवर हात ठेवून म्हणाले, “असू दे. कोल्ड स्टार्ट. बॉयलर थंड पडला तर तो काय भंगारात देतात का?” त्यांनी आतला सेल बदलला, सोल्डरचा डाग दिला, आणि आम्ही पुन्हा निघालो. आता अडचण माझी होती. तीच माणसं, तीच अक्षरं, आणि मी सात वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते मला आठवेना. म्हातारी भेटली. मी म्हणाले, साखर मागतेय. काकांनी वहीची जुनी पानं चाळली. “मागल्या खेपेला मीठ होतं,” ते म्हणाले. आत्यानं लसणावरून मान वर केली. काका गंभीरपणे पेन उघडत म्हणाले, “बरोबर शे. माणसाला काय रोज मीठच लागतं?” आणि मग आम्ही तिघं इतकं हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या.

नंतर मी शिकायला पुण्याला गेले. काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडून नाशिकरोडला राहायला आले. रविवारचं वर्षातून चार-पाच वेळा झालं. गेम मात्र हळूहळू पुढे जात राहिला, कारण काका एकटे असताना फक्त लेव्हल वाढवायचे. चौकट उघडेल अशा माणसाजवळ जायचेच नाहीत. एकदा मी फोनवर म्हटलं, दाबा की बटण, पुढे जा. ते म्हणाले, “वाचणार कोण?”

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. नावाडी एका मोठ्या दारापाशी पोचला होता. बाहेर जायची वाट नाही, म्हणजे हेच शेवटचं दार. “मी उघडलेलं नाही,” ते म्हणाले. “ये तू. आणि एक विचारायचं होतं. निकम आणि बाकीची माणसं शेवट ऐकायचा म्हणून मागे लागलीत. पुढच्या रविवारी सगळ्यांना घरी बोलावतो. तूच सांग या खेपेला, तुझ्या तोंडानं. अट मागे घे.” मी म्हणाले, रविवारी माझं सबमिशन आहे. सबमिशन नव्हतं. पंधरा माणसांसमोर बसून बोलायचं, हे मला झेपणारं नव्हतं. काका म्हणाले, “हरकत नाही. दार कुठे पळून जातंय.” माझी अडचण त्यांच्या लक्षात आली होती, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं... तशी ती त्यांच्या नेहमीच लक्षात यायची.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी चहा घेता घेता ते गेले. बाबांचा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात होते. बाबा काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी संगमनेरपर्यंत एकच विचार करत होते, की रविवारी मला सबमिशन नव्हतं.

तर गंधमुक्तीच्या त्या दुपारी काका बोलावणार होते तीच माणसं, त्याच घरात, सतरंजीवर बसली होती. फक्त रविवार नव्हता, आणि बोलावणारा नव्हता. मी जग उचलला आणि पाणी द्यायला पुढे आले. निकमभाऊ पाहुण्यांना म्हातारीचं मीठ समजावून सांगत होते आणि दुसरे एक जण त्यांना अडवून म्हणत होते की मीठ नाय, साखर. दोघंही खरे होते. त्यांचं भांडण रंगलं. मग पाहुण्यांनी विचारलं की पुढे काय झालं, होडी सापडली का त्याला. निकमभाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ते नाय कळलं,” ते म्हणाले. “शेवट वाचायचा राह्यला साहेबांचा.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. गेले बारा दिवस तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. ती म्हणाली, “निकमभाऊ, ह्यांना कुठलं आलंय जपानी. ह्यांनी नुसती बटणं दाबली. वाचणारी ती बघा, जग घेऊन उभी आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या जगाकडे पाहिलं. तेव्हा खुर्चीवरून बाबा बोलले, आणि त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थोडं सुख होतं. ते सांगायला लागले की हो हो, रेवानंच वाचलं होतं ते, तिसरीत होती ही, आखाजीचा दिवस होता, पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि हिनं एका दमात वाचून दाखवलं, आमच्या घरातल्या कुणालाही विचारा. त्या एका दुपारचा अभिमान त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. इंग्लिश मीडियममध्ये जपानी कुठे शिकवतात, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, किंवा त्यांनी पडू दिला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवायची होती. मान हलवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. आणि काकांनी जे मागितलं होतं ते मान हलवून देता येण्यासारखं नव्हतं.

“म्हणजे ताई, जपानी तुम्हाला येतं?” निकमभाऊंनी विचारलं.

मी जग सतरंजीच्या कडेला ठेवला आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

“नाही,” मी म्हणाले. “मला जपानी येत नाही, बाबा. तेव्हाही येत नव्हतं. काकांना ते माहीत होतं. ती सगळी गोष्ट माझी आहे, मी रचलेली. उठू नका कुणी. शेवट सांगते.”